कल्लाप्पाअण्णांच्या फळ्यावरची दुरुस्ती

कल्लाप्पाअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी एका पक्षाच्या पत्रकार परिषदेत बसलो होतो. पुढ्यात शिऱ्याची बशी होती आणि नेते सांगत होते की परवाच्या निपाणीच्या सभेला पन्नास हजार माणूस लोटला. त्या मैदानावर पन्नास हजार उभे करायचे तर एकाच्या खांद्यावर दुसरा बसवावा लागेल, हे तिथल्या प्रत्येक बातमीदाराला ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण मान खाली घालून पन्नास हजार लिहून घेत होता. मीही घेत होतो. तेवढ्यात वडगावातून अण्णांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. "मामा, अण्णा गेले वो. चा घेतला, पेपर मागितला आणि..." मी बशी तशीच ठेवून बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहून रडलो. रडता रडता मनात पहिला विचार काय आला सांगू? त्या पन्नास हजारावर आता काट कोण मारणार?

अण्णा काही पुढारी नव्हते, पत्रकार तर नव्हतेच. वडगावात घराच्या पुढच्या सोप्यात त्यांचे चार पॉवरलूम. साड्या विणणं हा आजापासूनचा धंदा. गल्लीच्या कोपऱ्यावर मारुतीच्या देवळाच्या भिंतीला एक काळा फळा आहे. युवक मंडळानं तो कधीकाळी लावला, पाणी कधी येणार, कोण वारलं, गणपतीची बैठक कधी, एवढ्यासाठी. पुढं मंडळातली पोरं मच्छे गावच्या कारखान्यांत कामाला लागली, त्यांची लग्नं झाली, मंडळ थंडावलं आणि फळा कोरा पडला. मग अण्णांनी खडू उचलला. रोज सकाळी माग सुरू करायच्या आधी ते फळा लिहायचे. वर मराठीत, खाली तेच कन्नडमध्ये. जिथं आपण स्वतः गेलो नाही तिथलं लिहायचं नाही आणि मोजल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, हा त्यांचा नेम. शेवटी नाव नसायचं, दोनच शब्द असायचे... 'मी हुतो.'

आमच्या सीमाभागात बातमी म्हणजे काय असते ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. बंद पुकारला की दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात 'कडकडीत बंद' आणि कन्नड पेपरात 'बंद सपशेल फसला'. शहर तेच, दिवस तोच, कधी कधी फोटोतला रस्तासुद्धा तोच! अण्णा दोन्ही पेपर घ्यायचे, दोन्ही वाचायचे आणि दोन्ही बाजूला ठेवून सायकल काढायचे. एका बंदच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, 'बाजाराच्या मेन रोडवर बावीस दुकानं. तेरा बंद, सात उघडी, दोन मागच्या दारानं चालू. मी हुतो.' त्या दोन दुकानदारांनी अण्णांशी महिनाभर अबोला धरला. मराठीवाले म्हणाले, म्हातारा फुटला. कन्नडवाले म्हणाले, ह्यो मूळचाच त्यांचा. अण्णा हसून म्हणायचे, "दोघंबी शिव्या घालाय लागले की समजायचं, मोजणी बरोबर हाय."

माझी आणि त्यांची ओळख मात्र माझ्या फजितीतून झाली. वीसेक वर्षं झाली असतील. पिरनवाडीला संध्याकाळी एका उमेदवाराची सभा होती. पेपरची पानं लवकर लावायची होती, म्हणून कार्यकर्त्यानं भाषणाचा कागद दुपारीच हातात दिला आणि मी दुपारीच बातमी ठोकून दिली. 'प्रचंड जनसमुदाय', 'टाळ्यांचा कडकडाट', सगळं शास्त्रोक्त. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, आजही चालतं. नेमकी त्या दिवशी उमेदवाराची गाडी वाटेत बंद पडली आणि सभाच झाली नाही. सकाळी पेपरात टाळ्यांचा कडकडाट, आणि अण्णांच्या फळ्यावर... 'काल पिरनवाडीची सभा झाली न्हाय. चारशे खुर्च्या आलत्या, माणसं एकोणचाळीस. मी हुतो.'

लोक फळ्याखाली पेपर धरून वाचायला लागले! मी तणतणत गेलो. अण्णा मागाशी होते. हातानंच मला थांबवलं, धागा तुटला होता त्याची गाठ मारली, मग वळले. "काय रं, तूच व्हय तो कडकडाट ऐकलेला?"

मी म्हणालो, "अण्णा, माझी नोकरी जाईल की वो."

"न्हाय जायची. खोटं लिवलं म्हनून कुनाची गेल्याली मी तरी बगितली न्हाय." मग आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "सुनंदा, चा टाक गं, पेपरवाले आलेत."

नोकरी खरंच गेली नाही. आमच्या कचेरीत कुणी साधं विचारलंदेखील नाही, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "साडीत तार चुकली तर बाई ती उजेडात धरून दाखवती. तुमचा पेपर कोन उजेडात धरतंय?" त्या दिवसापासून मी आठवड्यातून एकदा तरी वडगावला जायला लागलो. सुनंदा मला मामा म्हणायला लागली आणि अण्णांनी मला सभांना बरोबर न्यायला सुरुवात केली. ते भाषण ऐकायचे नाहीत, डोकी मोजायचे. दहा रांगा, एका रांगेत किती, रिकाम्या किती. "भाषन काय, उद्या तूच लिवशील," असं वर म्हणायचे.

पण अण्णांची खरी पारख मला झाली ती त्यांच्या स्वतःच्या चुकीमुळं. नगरसेवकानं फक्त आपल्या घरापुढं डांबर टाकलं असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. सकाळी पाहिलं तेव्हा तसंच होतं. दुपारी मात्र काम पुढं सरकलं आणि डांबर थेट कोपऱ्यापर्यंत आलं. संध्याकाळी अण्णा खडू घेऊन निघाले तर विरोधी पक्षाची माणसं आडवी आली. "अण्णा, निवडणूक तोंडावर हाय. राहू द्या की तसंच." अण्णांनी त्यांना बाजूला सारलं, लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'माझं चुकलं. डांबर कोपऱ्यापतूर हाय.'

मी म्हटलं, पुसून टाका ना सरळ. ते माझ्यावर उखडले. "पुसायचं न्हाय. पुसलं की चूक झालीच न्हवती असं हुतंय. खोडायचं, आनि खोडल्यालं दिसाय पायजे." ती खोडलेली ओळ त्यांनी आठ दिवस फळ्यावर ठेवली. का, तर चूक माणूस एका दिवसात करतो पण ती लोकांच्या तोंडात आठवडाभर फिरते, मग दुरुस्तीनं निदान तेवढं तरी टिकावं. आमचा पेपर दुरुस्ती छापतो कधी, तर आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरात.

अण्णा कुणाला मत देतात हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "मी दिल्यालं मत मला म्हाईत हाय, मशीनला म्हाईत हाय. तिसऱ्याला कशाला?" त्यामुळं जिवंतपणी प्रत्येक पक्ष त्यांना दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणायचा. ते गेले त्या दिवशी दुपारी मी वडगावला पोचलो, तर गल्लीच्या तोंडाला तीन पक्षांचे तीन बॅनर! तिन्हींवर अण्णांचा तोच फोटो आणि तिन्हींवर 'आमचे निष्ठावंत कार्यकर्ते'. एवढ्या दुःखातही सुनंदाला हसू आवरेना. "मामा, अण्णा बगाय पायजे हुते वो. तिन्ही खोडले असते."

आणि मी काय केलं? इथं खरं सांगायलाच हवं. कचेरीतून फोनवर फोन येत होते, पान थांबलं होतं. अंत्ययात्रा निघायला अजून तास होता. मी अंगणाच्या कडेला उभा राहून फोनवरून बातमी सांगून टाकली, 'शोकाकुल वातावरणात, हजारोंच्या उपस्थितीत अंत्यसंस्कार.' तोंडातून आपोआप बाहेर पडलं ते. हातानं लिहिलं असतं तर कदाचित हात थांबला असता. मग यात्रा निघाली. मी मागून चालताना, सवयच ती, डोकी मोजायला लागलो. एकदा डोळे भरून आले आणि आकडा चुकला. परत पहिल्यापासून मोजलं. एकशे चौऱ्याऐंशी. स्मशानाच्या फाटकात आपण दुपारी काय सांगितलंय ते आठवलं. लगेच कचेरीत फोन लावला, तर पान छापायला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं पेपर माझ्यापुढं धरला. तिचा आवाज अगदी साधा होता. "मामा, हे कुनी लिवलं?"

"मीच."

"मोजलं न्हवतं व्हय?"

"मोजलं. पण नंतर."

तिनं पेपराची घडी घातली आणि आत निघून गेली. वीस वर्षांत त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. कचेरीत दुरुस्ती छापा म्हणालो तर सगळे हसायला लागले. "अहो, हजारो म्हटल्यानं माणूस मोठाच झाला की! बिघडलं कुणाचं?" कुणाचं बिघडलं ते त्यांना कसं सांगणार? ज्या माणसानं जन्मभर एकसुद्धा डोकं जास्त मोजलं नाही, त्याची शेवटची बातमी मी खोटी दिली होती, आणि ती देताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खडू घेऊन फळ्यापाशी गेलो. आधी माझीच ओळ लिहिली, 'कल्लाप्पाअण्णांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक.' तिच्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'माझं चुकलं. एकशे चौऱ्याऐंशी माणसं. तिन्ही पक्षांची होती, अण्णा कुठल्याच पक्षाचे नव्हते. मी होतो.' कन्नड मला लिहिता येत नाही. मागं वळून पाहिलं तर सुनंदा उभी होती. तिनं माझ्या हातातला खडू घेतला, खाली कन्नडमध्ये तेच उतरवलं आणि म्हणाली, "चला मामा, चा टाकलाय."

पुरवणीच्या संपादकांनी मला अण्णांच्या आठवणी लिहायला सांगितल्या. आठवणी झाल्या, पण खरं तर मी ही दुरुस्ती लिहिली आहे, आणि राशिभविष्याच्या खाली नाही, हे अण्णांना आवडलं असतं. फळ्यावरची ओळ आठ दिवस तशीच राहिली. तीन बॅनर काढून नेले, पण फळ्याला कुणी हात लावला नाही. नवव्या दिवशी सकाळी आता आपणच पुसावी म्हणून मी गेलो, तर फळा आधीच स्वच्छ धुतलेला होता. वर मराठीत, खाली कन्नडमध्ये, ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं... 'आज पाणी सकाळी साडेसहाला आलं. पाऊण तास हुतं. मी हुते.'