टाकीतल्या पोरांचा उपवास

वटारचा मार्सेल तसा इरसाल, पण देवभोळा. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात स्टीलचे पाइप आम्लात धुतात. तिथल्या सांडपाण्याच्या टाकीवर त्याची नोकरी. त्या पाण्यात नायट्रेट फार. ते संपवायला टाकीत जिवाणू सोडलेले, आणि जिवाणूंना रोज आठ किलो गूळ. गूळ खायचा, नायट्रेट फस्त करायचं, बुडबुडे सोडायचे, एवढंच त्यांचं काम. मार्सेल त्यांना 'पोरं' म्हणायचा. कुणी 'किडे' म्हटलं की असा भडकायचा, विचारू नका!

आता पोरं म्हटली की घरचीच झाली ना? राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, आला. मार्सेलनं कपाळाला राख लावून घेतली, चाळीस दिवस गोड सोडलं, आणि कामावर येऊन पोरांचाही गूळ बंद केला! आहे की नाही कमाल?

तिसऱ्या दिवशी बुडबुडे थांबले. "प्रार्थनेत आहेत," मार्सेल कौतुकानं म्हणाला.

मंगळवारी नायट्रेट तपासायची पट्टी लालभडक झाली. मॅनेजर सुरज तणतणत आला. "अंकल, सोमवारी सरकारी मॅडम तपासणीला येतायत. नापास झालो तर टाकी बुजवून पाणी टँकरनं बाहेर पाठवू. तुम्ही गेटवर बसा!"

गेटचं सोडा हो, पण पोरं? घरी येऊन मार्सेल बायकोसमोर रडायचाच बाकी होता. सेलिननं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, लहान मुलांना उपवास माफ असतो! तुमच्या पोरांचं वय काय?"

"मोठ्यात मोठं असेल चार दिवसांचं," मार्सेल पुटपुटला.

बुधवारी सकाळीच त्यानं गूळ कोमट पाण्यात कालवून टाकीत ओतला, वर हात जोडून माफी मागितली. एक बुडबुडा येईल तर शपथ! पोरं रुसली, असं त्याला वाटलं. तो रोज ओतत राहिला, त्यांच्याशी बोलत राहिला. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर चपला फरफटवत थेट टाकीवर गेला, तर काय, बुडबुडेच बुडबुडे!

सोमवारी उर्सुला मॅडम आल्या. पट्टी बुडवली, पांढरीच राहिली. टाकी वाचली. मग त्यांनी रोजच्या गुळाची वही उघडली. सात दिवस ओळीनं एकच शब्द: 'उपवास'.

"कोणाचा?"

"त्यांचा," मार्सेल मान खाली घालून म्हणाला.

"आणि तुमचा?"

"चालू आहे, मॅडम."

"मग मिशीला गूळ कसा?"

मार्सेलनं घाईनं मिशी पुसली.

"पोरं एकटी जेवत नव्हती, मॅडम."