पाहुणा गेला, बूट काढ

"बूट काढ रे माकडा. सासऱ्यानं दिले का तुला?"

पत्रकार बाईची गाडी गेटाबाहेर वळून राह्यली व्हती, तवाच मॅनेजर बोलला. मी तिथंच, सगळ्यांसमोर, एका पायावर उभा राहून बूट ओढाया लागलो. तोल गेला. धपकन बुडावर पडलो. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. आपली अक्कल तेवढीच. शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई, पण आमच्या गावात, टेंभुर्णीत, कोणाची बी वरात निघाली की नाचाया पहिलं मलाच बोलवायचे.

आमची जालन्यात लोखंडाची भट्टी. भंगार वितळवायचं, सळ्या काढायच्या. कोणी पाहुणा येणार असला की कपाटातून नवे बूट, टोप्या, हातमोजे निघायचे. पाहुणा गेला की परत कपाटात. आम्ही परत रबरी चपलेवर.

बाई टीव्हीसाठी भट्टीतल्या कामगारांवर बातमी करून राह्यली व्हती. मॅनेजरनं मलाच म्होरं केलं. मी कॅमेऱ्याला पाय दाखवत नाचलो. "बाई, लय मजेत हाओत! असे बूट नवरदेवाला बी भेटत न्हाईत."

त्याच महिन्यात भंगारात एक बंद डबा आल्ता. भट्टीत पडला न् फुटला. लाल लोखंड उडालं ते सलीमभाईच्या पायावर. चप्पल पायातच वितळली. आम्ही दोघं जोडीनं भंगार टाकायचो. बाकीचे मला हसायचे. सलीमभाई माझ्या गमतीला हसायचा.

दवाखान्यात मी खाटेपाशी उभा, तवा मॅनेजर आला. सलीमभाईच्या बायकोला मोबाईल दाखवला. त्यात मी. नाचून राह्यलो.

"बघा भाभी, बूट सगळ्यांला हायेत. तुमच्या नवऱ्यानंच घातले न्हाईत. कंपनीचा काय कसूर?"

भाभीनं मोबाईल पाह्यला. मंग मला पाह्यलं. सलीमभाई खाटेवरून बोलला, "क्या रे, मेरे पाँव पे नाचा क्या तू?"

मी हसाया गेलो. सवय. तोंड हललंच न्हाई.

मॅनेजरनं माझ्या खांद्यावर हात टाकला. "सांग रे भाभीला एखादी गंमत. रडून राह्यली बिचारी."

"हात काढा साहेब."

तो हसला. त्याला वाटलं, हीच गंमत.

मी त्याचा हात धरला न् खाली झटकला. जिन्यात जाऊन पत्रकार बाईला फोन लावला, म्हणलो, बुटाचं खरं सांगतो. बाई म्हणली, "नोकरी जाईल. तुमचा चेहरा झाकून दाखवते."

म्हणलो, "नाचलो तवा झाकला व्हता का?"

सगळं सांगितलं. कपाट कुठं हाये. किल्ली कोणाच्या खिशात ऱ्हाती. बाईनं जसंच्या तसं दाखवलं. दुसऱ्या दिशी मला गेट बंद.

आता कंपनीची सरकारी चौकशी लागली. मॅनेजरचा निरोप आल्ता, "येडा व्हतो म्हण, चुकून बोललो म्हण. कामावर घेतो."

येडा तर मी हायेच. पण माफी मागणार न्हाई, अन् देणार बी न्हाई. चौकशीवाल्यासमोर, मॅनेजरच्या तोंडावर, एकेक गोष्ट परत सांगणार. भट्टीपासून लांब, थंड खोलीत, पंख्याखाली बसून त्याला घाम फुटलेला मला पाह्यचाय.