मिस्त्रींचा डुप्लिकेट दांडा

नवा पार्ट हाती आला की मिस्त्री आधी तो पान्याने वाजवायचे, कानाशी धरायचे आणि तोंड वाकडं करायचे. "डुप्लिकेट, बाई. ह्येच्यात जीव नाय." डब्यावर विलायतेचा छाप असला तरी त्यांचा निकाल बदलत नसे.

घाटकोपरला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. असा एखादा हट्टी कारागीर तुमच्याही पाहण्यात असेल. मी मुलुंडची डॉक्टरीण, घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी. माझी जुनी इंग्रजी गाडी त्यांच्याच भरवशावर चालायची.

एकदा तिच्या पाण्याच्या पंपाचा दांडा झिजला. दोन मैल गेलं की इंजिन उकळायचं. बाजारातले तीन दांडे मिस्त्रींनी वाजवून परत पाठवले. "घालूचो तर अस्सलच," म्हणत तीन आठवडे काढले. मी आपली टांग्याने हिंडत होते. एका घरी तर माझ्याआधी बाळच येऊन पोचलं. मग मात्र मी चिडले.

"मिस्त्री, पुरे झालं तुमचं अस्सल! मला गाडी हवीय."

शेवटी मोडीत निघालेल्या एका गाडीतून त्यांनी अस्सल दांडा मिळवला आणि गल्लीभर मिरवला. बसवायला गेले तर बोटाच्या पेराएवढा आखूड! तो पुढच्या सालच्या गाडीचा निघाला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री शेजारच्या कारखान्यात लेथवर स्वतः उभे राहिले आणि नवा दांडा तयार केला.

"माझ्याच हातचो डुप्लिकेट, बाई. कोणाक सांगू नकात."

मी गाडी न्यायला गेले त्या दुपारी भांडुपला एक बाई अडली होती. निघाले, तर मिस्त्री पाण्याची बादली घेऊन शेजारी येऊन बसले.

"तुम्ही कशाला?"

"माझोच माका भरवसो नाय."

वाटभर त्यांचा कान इंजिनाकडे आणि माझं चित्त त्या अडलेल्या बाईकडे. भांडुप आलं तरी इंजिन उकळलं नाही, आणि मी वेळेवर पोचले.

मिस्त्रींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला तीच दुपार दिसते. मुलगी झाली, आई सुखरूप आहे, हे आधी त्यांना सांगावं म्हणून मी लगबगीने बाहेर आले. मिस्त्री गाडीत बादलीला मिठी मारून गाढ झोपले होते.