तलाव नाही जी, बोडी हाय

आमच्या गावाच्या शहाणपणाचा मला अजून राग येतो. दिघोरीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधे, भाताच्या खाचरांत, आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर तलाव. बोडी नव्हे, तलाव! आमच्याकडे हा फरक शेंबड्या पोट्ट्यालाही कळतो. बोडी म्हणजे कुणाच्या तरी शेतातलं लहानसं तळं, ज्याचं त्यानं सांभाळावं. तलाव साऱ्या गावाचा, सगळ्यांच्या बांध्या त्याच्याच पाण्यावर. त्याचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, माझ्या मोठेबाबांच्या ताब्यात होतं. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी सोडलं तर पाणी, नाही तर नाही, आणि त्यावर कुणी ब्र काढत नसे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी, भर उन्हाळ्यात, एक जीप आली. त्यातून एक साहेब उतरले. भंडाऱ्याला त्यांच्या कचेरीत कंपूटर बसला होता आणि सगळ्या तलावांची, बोड्यांची माहिती त्यात भरायची होती. पुढे कोणत्या तलावाची पाळ, त्याचा मातीचा बांध, आधी दुरुस्त करायची हे ते यंत्रच सांगेल, असं साहेब म्हणाले. यंत्र सांगेल म्हणे! पाळीवर बसलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मालगुजारांची जमीनदारी गेली तेव्हाही असेच लोक येऊन मोजमाप करून गेले होते, आणि त्यानंतर काय काय हातचं गेलं ते म्हाताऱ्यांना तोंडपाठ होतं. आता तुडुमाला सरकारी कुलूप लागणार, मासोळ्या ठेकेदाराच्या घशात जाणार, अशी कुजबुज झाली. मलाही पटलं. का नाही पटणार? नुसती विचारपूस करायला कधी जीप येते का?

साहेबांनी विचारलं, "या तलावात पाणी किती..."

मोठेबाबांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. हात जोडून म्हणाले, "तलाव नाही जी, बोडी हाय."

पाणी तेव्हा तळाशी गेलेलं. साहेबांनी घाम पुसला, म्हणतील तसं लिहून घेतलं, खाली मोठेबाबांचं नाव टाकलं. जीप वळणाआड गेली आणि पाळीवर काय हशा पिकला म्हणता! सरकारला बोडी दाखवून तलाव वाचवला म्हणून मोठेबाबांना त्या दिवशी घरोघरी चहा मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात तुडुमाजवळ पाळीला भेग पडली. गावानं माती टाकून पाहिली, पण ती पाझरतच राहिली. पावसाळ्याआधी पक्कं काम झालं नाही तर पाळ फुटणार आणि गावाची रोवणी बुडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी गावच्या शाळेत शिकवत होते, कागद वाचू शकत होते, म्हणून मोठेबाबांनी मला सोबत घेतलं. लाखांदूरहून एसटीनं आम्ही भंडाऱ्याला गेलो.

कंपूटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या होत्या. आत इतकं गार की मोठेबाबांनी खांद्यावरचा दुपट्टा कानाला गुंडाळला. "यंत्राले गर्मी होते, अन् आमी मानसं उन्हात मरून राहिलो," ते पुटपुटले. ऑपरेटर बाई नागपूरच्या होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी कळा दाबल्या, हिरवी अक्षरं उमटली. त्या म्हणाल्या, "तुमच्या गावाला तलाव नाही. बोडी आहे. बोडीची दुरुस्ती मालकानंच करायची असते."

माझं डोकंच फिरलं. "तलाव नाही? मग आमचा धान काय दवावर पिकून राहिला का, मॅडम?"

"माझ्यावर कशाला चिडता? इथं आहे ते वाचते." आणि त्यांनी माहिती देणाऱ्याचं नाव वाचलं.

मोठेबाबांचं तोंड उतरलं. आम्हाला धास्ती होती यंत्र आमचं काही लुबाडून नेईल याची. त्यानं काहीच नेलं नव्हतं, आम्ही जे सांगितलं ते गुपचूप खरं मानून बसलं होतं. मोठेबाबांनी कानाचा दुपट्टा सोडला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मी खोटं बोललो जी. तलाव हाय. लिहा."

हा माणूस चूक कबूल करतो आहे हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बाईंनी लिहिलं. यंत्र जरा थांबलं आणि पडद्यावर नवी ओळ आली. बाईंचा आवाज खाली गेला. त्या म्हणाल्या, "याला तसं शिकवलंय. एकाच माणसानं एकाच गोष्टीबद्दल दोन तऱ्हा सांगितल्या, तर हे दोन्ही धरत नाही. संशयास्पद म्हणतं. आता साहेब पुन्हा पाहणीला येतील, पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर येऊन काय चाटायचं आहे?" मी ओरडलेच. साहेबांच्या दाराशीही जाऊन आले. तिथेही तेच उत्तर, यंत्र म्हणेल तसं.

परतीच्या एसटीत मोठेबाबांनी तिकिटं दुपट्ट्याच्या कोपऱ्यात बांधली. मग हळूच म्हणाले, "त्याले कसं समजलं वं, मी कवा खोटा बोललो अन् कवा खरा?"

"नाही समजलं, मोठेबाबा. म्हणूनच तर."

रोवणी आटोपली आणि भर पावसात पाळ फुटली. बांध्यांवर रेती पसरली, रोवलेला धान तिच्याखाली गेला. माझ्या आईनं चिखलात बसून हंबरडा फोडला. मोठेबाबांना कुणी काही बोललं नाही, पण त्यांना चहालाही कुणी बोलावलं नाही.

थंडीत जीप आली. या वेळी साहेब दुसरे. फुटलेल्या पाळीवर उभे राहून त्यांनी खाली पाहिलं. खोलगट भागात थोडं पाणी उरलं होतं, त्यात दोन म्हशी बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "काय लिहायचं? तलाव की बोडी?"

सगळं गाव मोठेबाबांकडे बघत होतं. तलाव म्हणा, मी मनात म्हणत होते, एकदा जोरात म्हणा.

मोठेबाबांनी हात जोडले. "बोडी हाय जी," ते म्हणाले. "आता खोटं नाही सांगत."