माझ्या सुताचं ठिगळ

नातवाचं नायलॉनचं जाळं केवढ्याशा पिशवीत मावतं. कुजत नाही, रंगवायला नको. चांगलं आहे, मी कशाला नावं ठेवू? पण तो म्हणतो, "आजी, तुमच्या वेळी काय तरी दोऱ्या वळून जाळी करायचे ना?" तेव्हा माझं डोकं फिरतं. काय तरी दोऱ्या म्हणे! त्या दोऱ्या मी काढायचे, आणि माझ्याइतकं एकसारखं सूत आमच्या कोळीवाड्यात एकीचंही नव्हतं. हे मी नाही, अख्खा वाडा म्हणायचा.

रेवदंड्याच्या खाडीवर आमचं घर. ओट्यावर बसून मी तागाचा वाख, म्हणजे तागाचे सोललेले धागे, चातीच्या फिरकीवर कातायचे. त्या सुताचं जाळं बा विणायचा. मग कातकरणींनी आणून दिलेली ऐनाची साल उकळायची आणि त्या काढ्यात जाळं बुडवायचं. तपकिरी होऊन निघालं की खारं पाणी त्याला लवकर खात नसे.

एकदा बानं खाडीत फेकायचं नवं जाळं करायला घेतलं. माझं सूत खालच्या घेरापुरतंच झालं होतं, तेवढ्यात मामा आला. तो मुंबईला गिरणीत होता. येताना गिरणीच्या सुताच्या लडी घेऊन आला. पांढरंशुभ्र सूत, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. आई त्यावरून नुसती हात फिरवत बसली.

"आता तुझी चाती माळ्यावर टाक, पोरी," मामा मला म्हणाला. "यंत्राशी काय बरोबरी करणार तू?"

सगळे हसले. मला असा राग आला की मी दुपारी जेवलेच नाही. बाबरोबर खाडीवर धाकटा भाऊ जायचा, मला कोणी नेत नसे. जाळ्यात माझं सूत जायचं, तेवढीच मी जायची. तेही गेलं तर माझं काय उरणार होतं?

बानं वरचं अंग मामाच्या सुतानं विणलं. रंगवायची वेळ आली तर मामा आडवा आला, म्हणाला, एवढं देखणं सूत, त्याला काळं कशाला करता? बाला मेव्हण्याचं मन मोडवेना. त्यानं माझा घेर तेवढा काढ्यात बुडवला. वर पांढरं, खाली तपकिरी. "जाळ्याला परकर नेसवला काय रं?" असं विचारून वाड्यानं बाला महिनाभर पिडलं.

मामा मुंबईला परत गेला. त्यानंतर एकदा ओहोटीला मी बाची भाकरी घेऊन खाडीवर गेले होते. बानं जाळं फेकलं आणि हातातली दोरी एकदम ताठ झाली. "जिताडा हाय," तो हळूच म्हणाला. खाडीतला तो मोठा मासा बानं ओढत ओढत जवळ आणला. माझ्या डोळ्यांनी मी त्याची पाठ पाहिली. मग त्यानं जी उसळी घेतली, ती पांढरं सूत फाडून पार. बा गुडघाभर पाण्यात दोरी धरून नुसता उभा.

मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगते, मी आधी खालचा घेर बघितला. कालवांच्या खडकांवरून फरफटत आला होता, तरी एक गाठ सुटली नव्हती. बाही तेच बघत होता. मग त्यानं फाटलेल्या जागचं पांढरं सूत चिमटीत धरून ओढलं. ते तुटलं. वाळत टाकलं तरी वरच्या टोकाची घडी ओली राहायची, आणि काढा न लागलेलं सूत तिथंच कुजलं होतं.

घरी आल्यावर म्हणाला, "पोरी, उरलेलं सूत हाय का तुजं?" रंगवलेल्या सुताचा एक गुंडा मी जपून ठेवला होता. त्यानं भोक भरलं. पांढऱ्या जाळ्यात टोपलीच्या तोंडाएवढं तपकिरी ठिगळ.

आई म्हणाली, "सगळंच बुडवा आता काढ्यात, म्हणजे ठिगळ दिसायचं न्हाय."

"उद्या बुडवू," बा म्हणाला. "आज दिसू दे."

आणि जाळं खांद्यावर टाकून, ठिगळ मुद्दाम बाहेर ठेवून तो निघाला. खाडी घराच्या मागे, पण हा पुढच्या दारानं निघून अख्ख्या वाड्यातून गेला. कोणी विचारलं की सांगायचा, "पोरीचं सूत हाय."

त्याच्या मागून टोपली घेऊन त्या दिवशी भाऊ चालत नव्हता. मी चालत होते.