भाव कुठून फुटला

सैन्यात मी सिग्नलमध्ये होतो. तारा ओढायच्या, संदेश पाठवायचे, आणि आपली लाइन कोणीतरी ऐकतच आहे असं धरून बोलायचं, हे तिथं अंगात मुरलं. हवालदार म्हणून निवृत्त होऊन वलगावला परतलो तेव्हा वऱ्हाडात वाईट वर्षं चालू होती. दर आठवड्याला आजूबाजूच्या कुठल्यातरी गावात कोणीतरी जीव दिल्याची बातमी यायची. चौकात माणसं बसलेली असायची आणि मी जवळ गेलो की बोलणं थांबायचं. फौजेतून आलेला माणूस म्हणजे सरकारचा माणूस, असा त्यांचा हिशेब. मलाही त्यांच्या गप्प बसण्याचा संशय यायचा.

शेतीत मन लागेना. मग अकोल्यात कापूस खरेदी करणाऱ्या एका संस्थेत सुरक्षा सुपरवायझर म्हणून लागलो. गेटवरचे पहारेकरी आणि ऑफिस-गोदामांच्या चाव्या माझ्याकडे. संस्थेची खरेदी केंद्रं बार्शीटाकळीपासून मोर्शीपर्यंत पसरलेली होती. दुसऱ्या दिवशीचा भाव अकोल्यात संध्याकाळी ठरायचा, कॉम्प्युटरमध्ये भरला जायचा आणि सकाळी सगळ्या केंद्रांना कळवला जायचा.

त्या हंगामात भाव आधीच फुटायला लागला. वाढणार असला की काही व्यापाऱ्यांच्या गाड्या पहाटेच खेड्यांत शिरायच्या आणि जुन्या भावानं घराघरांतून कापूस उचलायच्या. शेतकरी केंद्रावर यायचा तेव्हा त्याच्या घरातला कापूस गेलेला असायचा. एकदा एक म्हातारा नवा भाव ऐकून केंद्राच्या पायरीवर बसला, तो दुपारपर्यंत उठला नाही.

मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलं.

"कॉम्प्युटरवर बसते त्या बाईवर लक्ष ठेवा," ते म्हणाले. "तिचा भाऊ कापसाच्या दलालीत आहे."

त्या बाई बार्शीटाकळीच्या एका मुसलमान घरातल्या. घरी उर्दू बोलायच्या, आमच्याशी वऱ्हाडी. त्यांचा भाऊ दलाल होता हे खरंच होतं. मी लक्ष ठेवू लागलो. त्या फोनवर कोणाशी बोलतात, डबा खाताना कोणाजवळ बसतात, जाताना पर्समध्ये काय घालतात, सगळं. थोड्याच दिवसांत त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी हवालदार होतो, पण ऑफिसात सगळे मला मेजरच म्हणायचे.

"मेजर, तुमी माह्यावर नजर ठेवून राहिले का?"

खोटं बोलवेना. "हो, ताई."

"कावून?"

"मले सांगतलं तसं."

"मंग नीट ठेवा. चाव्या तुमच्यापाशी, अन् संशय माह्यावर. मीबी तुमच्यावर नजर ठेवून राहिली."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ऑफिस बंद झाल्यावर कोणतंही दार उघडू शकणारा माणूस मीच होतो.

फौजेत लाइनवर शंका आली की आम्ही त्या लाइनवर खोटा संदेश सोडायचो आणि पलीकडे कोण हलतं ते पाहायचो. मी साहेबांना तेच सुचवलं. एका संध्याकाळी त्यांनी बाईंना नुसतं तोंडी सांगितलं, उद्या भाव चढणार. कॉम्प्युटरमध्ये काही भरलं नाही. सकाळी एकही गाडी खेड्यात गेली नाही. पुढच्या आठवड्यात बाई रजेवर असताना साहेबांनी स्वतः कॉम्प्युटरमध्ये भलताच चढा भाव भरला आणि सकाळी केंद्रं उघडायच्या आत तो बदलला. त्या दिवशी व्यापारी पहाटेपासून खेडोपाडी धावले, आणि कापूस हातचा जाऊ नये म्हणून रोजच्यापेक्षा जास्त देऊन आले. त्या एका सकाळी शेतकऱ्यांचं भलं झालं.

म्हणजे भाव माणसाच्या तोंडून नाही, मशीनमधून जात होता. बाई रजेवरून आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी सांगू नका म्हटलं होतं, तरी सांगितलं.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं दार उघडं ठेवून कॉम्प्युटरच्या खोलीत बसलो. दिवेलागणीला टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या मोडेमचा दिवा आपोआप लुकलुकायला लागला. बाईंनी पडदा चालू केला.

"कोणीतरी आत आलं," त्या हळूच म्हणाल्या. "दुरुस्तीवाल्यायच्या नावानं."

कॉम्प्युटर बसवणाऱ्या कंपनीनं अमरावतीहून दुरुस्ती करता यावी म्हणून एक वाट ठेवली होती. तिचा पासवर्ड बसवल्या दिवसापासून कोणी बदलला नव्हता. माझा हात तारेकडे गेला.

"उपटू नका," बाई म्हणाल्या. "काय पाहून राहिला ते पाहू द्या."

त्यानं फक्त भाव पाहिला आणि तो निघून गेला. चौकशीत कळलं की कंपनीचा एक जुना इंजिनिअर नोकरी सोडून अमरावतीत एका व्यापाऱ्याकडे लागला होता.

मला वाटलं, आता पोलिसात तक्रार होईल. संचालकांची बैठक झाली आणि प्रकरण मिटलं. संस्थेची बदनामी नको, असं ठरलं. मोडेम काढला गेला आणि मला बढती मिळाली : कॉम्प्युटर सुरक्षा अधिकारी. साहेबांनी हात मिळवला तेव्हा मला आनंद झाला, आणि ही बढती कामाची की गप्प बसण्याची, असंही मनात आलं. ती मी घेतली.

कॉम्प्युटर मला बाईंनी शिकवला. दुपारी काम कमी असलं की त्या शेजारी खुर्ची ओढायला सांगायच्या. अशाच एका दुपारी माझ्या डोक्यात आलं, की मोडेमच्या टेलिफोन लाइनचा नंबर पावसाळ्यात बदलला होता. इंजिनिअरनं नोकरी सोडली ती उन्हाळ्यात. मग नवा नंबर त्याला कोणी दिला? तो साहेबांना माहीत होता, दोन-तीन संचालकांना, आणि बाईंना.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "विचारायचं असन तर विचारा."

मी विचारलं.

"नाही दिला," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. ती नुसतीच हलवली, हे त्यांना कळलं असावं. हंगाम संपल्यावर त्या नोकरी सोडून गेल्या. साहेबांनाही मी विचारलं. त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

पुढं मी परीक्षा दिल्या, नागपूरला एका बँकेत लागलो आणि हळूहळू तिथल्या सायबर सुरक्षा विभागाचा प्रमुख झालो. मुलाखतीत हा प्रसंग सांगितला तेव्हा समोरच्यांपैकी एकानं विचारलं, "मग आतला माणूस कोण होता?" मी म्हटलं, माहीत नाही, आणि ज्यांना माहीत असू शकत होतं त्यांपैकी एकालाही मी अजून वगळलेलं नाही. ते काही लिहून घेत राहिले.

मागच्या वर्षी अकोल्याच्या बसस्टँडवर बाई भेटल्या. केस पिकलेले, चष्मा लागलेला. त्या आता कॉम्प्युटरचे क्लास घेतात.

"अजून संशय येते का माह्यावर, मेजर?"

"सगळ्यायवर येते, ताई. पगारच त्याचा भेटते."

त्या थोड्या हसल्या. मग मुलीबद्दल बोलत राहिल्या. ती पुण्यात शिकते, तिला तिथलं पाणी मानवत नाही. बार्शीटाकळीची गाडी लागली तेव्हा मी त्यांची पिशवी वर चढवून दिली.