न्हाणीघरातला कॉम्प्युटर

मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून नोकरी करते, म्हणून घरच्यांची ठाम समजूत आहे की मला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो. ऑफिसात प्रिंटर अडला की मी स्वतः दुसऱ्याला हाका मारते, हे कुणी ऐकूनच घेत नाही. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाचा माउस रुसला, की फोन मलाच. त्यातले निम्मे आत्याचे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिने बसस्टँडवर काचेच्या खोलीत बसून केली. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा आहे, हे ती माइकवरून सांगायची. आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ, आणि वेग असा की ऐकणाऱ्याने पिशवी उचलून पळायलाच लागावं. निवृत्त झाल्यावर घरात गप्प बसणं तिला जमेना, म्हणून एका संस्थेसाठी ती पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करू लागली. ज्यांना दिसत नाही ते ती ऐकून अभ्यास करतात.

संस्थेची पद्धत अशी की प्रत्येक वाचणाऱ्याला एक ऐकणारा मिळतो. तो प्रकरण ऐकतो आणि चुका कळवतो. आत्याच्या वाट्याला आले मास्तर. पियानो सुरात लावायचं काम त्यांनी जन्मभर केलं. त्यांना जन्मापासून दिसत नाही आणि ऐकू मात्र फार येतं. आत्या प्रकरण पेनड्राइव्हवर घालून पाठवायची आणि दोन दिवसांनी मास्तरांचा फोन यायचा. "बाई, मागे कसली घरघर आहे?"

घरघर कॉम्प्युटरच्या पंख्याची होती. आत्याने आधी खोलीच्या दाराला गादी लावली, मग कॉम्प्युटरच्या डब्यावर रजई घातली. रजईखाली डबा तापून बंद पडला. मग तिने तो उचलून शेजारच्या न्हाणीघरात स्टुलावर ठेवला, वायरी दाराच्या फटीतून आत घेतल्या, आणि खोलीत अगदी शांतता झाली.

"अगं आत्या, न्हाणीघरात कुणी कॉम्प्युटर ठेवतं का? पाणी उडेल," मी ओरडले.

"बादली लांब ठेवते ना. आणि अंघोळीच्या वेळी वर टॉवेल टाकते."

मी कपाळाला हात लावला.

मास्तरांना घरघर ऐकू येईनाशी झाली, तर त्यांनी दुसरं काढलं. शरीरशास्त्राचं जाडजूड पुस्तक चालू होतं. समोरच्या इमारतीत राहणारी एक मुलगी फिजिओथेरपीचं शिक्षण घेते, तिच्यासाठी. तिला दिसत नाही. आदल्या वर्षी तिने मशीनच्या आवाजात पुस्तक ऐकलं होतं. हाडांची आणि स्नायूंची नावं मशीन अशी काही चावत होतं की तिला काहीच उमगलं नाही आणि ती नापास झाली. आता शेवटची संधी होती. ही हुकली की शिक्षण सोडून घरी बसायचं.

पुस्तक निम्म्यावर आलं आणि मास्तर फोनवर म्हणाले, "बाई, बस सुटतेय का? पोरीला हे पाठ करायचंय, पकडायचं नाहीये."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जिच्या आवाजावर गाड्या हलल्या तिला वाचायला शिकवतात? शब्दाने शब्द वाढला, तिने फोन आपटला, आणि उरलेलं पुस्तक मास्तरांना न पाठवताच वाचून संपवायचं ठरवलं. माणूस हट्टाला पेटला की कामाला वेग येतो. ती शेवटच्या प्रकरणापर्यंत पोहोचली सुद्धा.

आणि एका सकाळी न्हाणीघरातून टक टक आवाज यायला लागला. आत्याला वाटलं नळ गळतोय. नळ कोरडा होता. पडदा काळा झाला तो झालाच.

मी पोहोचले तेव्हा ती स्टुलाजवळ उभी होती, हातात चष्म्याचं घर. "घाबरू नकोस," तिनेच मला धीर दिला. "मी रोज संध्याकाळी सगळं पेनड्राइव्हवर घालते." चष्म्याच्या घरातून पेनड्राइव्ह काढून तिने पदराने पुसला. मी तो माझ्या लॅपटॉपला लावला. आत पिवळ्या फोल्डरचं एकच चित्र होतं, कोपऱ्यात छोटासा बाण असलेलं.

कॉम्प्युटर बसवणाऱ्याने तिच्या सोयीसाठी पडद्यावर शॉर्टकट करून दिला होता, शोधाशोध नको म्हणून. आत्या रोज संध्याकाळी, न चुकता, तो शॉर्टकटच पेनड्राइव्हवर घालत होती. मास्तरांना पाठवायची प्रकरणं ती आत जाऊन एकेक उचलायची. पण "सगळं" म्हणजे तिच्या लेखी ते चित्र. पेनड्राइव्हवर घराचा पत्ता होता, घर नव्हतं.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती खाली बसली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. फक्त म्हणाली, "पोरगी येईल गं विचारायला." मला त्या डब्याला लाथ घालावीशी वाटली.

दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाला लावली आणि मान हलवली. "दमट हवेत होती का? बघतो. पण वेळ लागेल, आणि मिळेलच असं नाही."

परीक्षा तोंडावर आली होती. सबंध पुस्तक पुन्हा वाचणं अशक्य. निम्मं जमलं असतं, आणि पहिलं निम्मं जगात एकाच माणसाकडे असण्याची शक्यता होती. आत्या बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मग तिने तो उचलला.

"मास्तर, मी बोलतेय."

"बाई! मला वाटलं तुम्हाला दुसरा कानवाला मिळाला."

"माझं सगळं गेलं, मास्तर. तुम्ही जुनी प्रकरणं पुसली नसाल तर…"

"पुसतो कशाला? तुमच्या चुका मी जपून ठेवल्यात." आणि पुढे म्हणाले, "उरलेलं वाचताना मी समोर बसणार. हात वर केला की वेग कमी करायचा. कबूल?"

आत्याने डोळे मिटले. "कबूल."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आले. माझा लॅपटॉप आत्याच्या टेबलावर गेला. तो आवाज करत नव्हता. आत्या वाचायची, मास्तर खुर्चीत ताठ बसून ऐकायचे आणि हात वर करायचे. पहिल्या दिवशी तो हात खाली येईना. आत्या दात-ओठ खात थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा सुरू करायची. प्रत्येक स्नायूच्या नावाआधी एक थांबा, नावानंतर एक. मधेच तिचा घसा बसला, तर मास्तरांनी बोलायलाच बंदी घातली, आणि घरातल्या सगळ्यांनी ती शांतता मनापासून उपभोगली. प्रकरण संपलं की मी ते तीन ठिकाणी ठेवायचे आणि तिन्ही ठिकाणी उघडून ऐकवायचे, तेव्हाच आत्या पाणी प्यायची.

शेवटच्या आठवड्यात हात एकदाही वर आला नाही. पुस्तक संपलं. पोरीच्या हातात ते पडलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर दुरुस्तीवाल्याचा फोन. "मावशी, सगळं मिळालं! एकूण एक फाइल!" बिचारा आनंदाने ओरडत होता. फाइली घरी आल्यावर आत्याने जुनं वाचन लावलं, थोडं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अगं, ही बाई कुठे पळतेय? पुसून टाक." मी पुसलं. हाताने, मुद्दाम, फार समाधानाने.

निकाल लागला त्या संध्याकाळी मास्तर आणि मी आत्याकडेच होतो. पोरगी जिना चढून आली ती जिन्यातूनच ओरडत. पास! नुसती पास नाही, चांगली पास.

"मावशी, लेखनिक मुलीला मी उत्तरं सांगत होते ना, तर ती मला विचारते, तुम्ही बसस्टँडवर कामाला होता का? मी तुमच्याच आवाजात सांगत होते, मला कळलंच नाही! आणि मांडीचा एक स्नायू काही केल्या आठवेना. मग तुम्ही तिथे थांबला होता ते आठवलं. तुम्ही श्वास घेतला, आणि नाव आपोआप तोंडात आलं."

आत्या मास्तरांकडे वळली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तोच, खणखणीत. "ऐकलंत, मास्तर?"

"ऐकलं की," मास्तर म्हणाले. "आणि बाई, या वेळी एकही चूक नाही."